माफीची करवंटी

लोसालिनीचा भाऊ खोटं बोलत होता, आणि ते खोटं तिच्यापर्यंत आणून पोचवणारी भावजय त्याहूनही कच्चं खोटं बोलत होती. आजाऱ्यांना वेगळं ठेवायला घेतलेल्या शाळेत, तिसरीच्या वर्गाच्या खिडकीत उभी राहून, मास्कच्या आडून, लितिआ पाठ केल्यासारखं सांगत होती की अपेनिसा मागच्या सोमवारी मळ्यात गेला, घरी आला, झोपला. मंगळवारी मळ्यात गेला, घरी आला, झोपला.

"आणि बुधवारी?" लोसालिनीने विचारलं.

"बुधवारी पण मळ्यातच, वन्सं."

"एवढं अळू लावलंय, तर सगळ्या फिजीला पुरेल की."

लितिआने मान खाली घातली. आतून अपेनिसाचा खोकला ऐकू आला आणि मग तोंडावर हात दाबल्यासारखा गप्प झाला.

खिडकी चार हातांवर होती. भाऊ आत, बहीण बाहेर, आणि मध्ये एक भिंत. तरी तिला सरळ विचारता येत नव्हतं. आमच्या वालेवा बेटावर भाऊबहीण वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. हे वैर नव्हे, मान आहे. एका चटईवर बसत नाहीत, एकमेकांचं नाव घेत नाहीत, एकमेकांदेखत फिदीफिदी हसत नाहीत. अपेनिसाला चांगला मासा लागला की तो लितिआच्या हाती बहिणीकडे जाई, आणि लोसालिनीने दिलेलं औषध लितिआच्याच हाती भावाकडे येई. असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि बरं चाललं होतं. पण मासा पोचवणं वेगळं आणि रोगाचा माग काढणं वेगळं.

लोसालिनी बेटावरची एकटी नर्स. करोनाची दुसरी लाट राजधानी सुव्यापर्यंत आली तेव्हा आरोग्य खात्याने तिला फोनवरून सांगितलं की आता कोण कोणाला भेटलं याचा शोध घेण्याचं कामही तूच कर. कर म्हणजे काय, तिने ते आधीच सुरू केलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर तिने एक जुनं मासे धरायचं जाळं टांगलं होतं आणि त्याच्या गाठींवर माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या होत्या. कोण कोणाला भेटलं त्याप्रमाणे लाल दोरा. तिचे वडील म्हणायचे, जाळ्याचं भोक डोळ्याने दिसत नाही, बोट फिरवलं की सापडतं. त्या भिंतीवर आता एक भोक पडलं होतं आणि लोसालिनी रोज त्यावर बोट फिरवत होती.

एका टोकाला पाउला मास्तर. ते सुव्याहून परत आले, तापले, आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत त्यांचा श्वास इतका बिघडला की त्यांना नळी लावून परत सुव्यालाच न्यावं लागलं. त्यांना विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला अपेनिसा. मास्तर बेटाच्या पलीकडच्या अंगाला राहत, अपेनिसा अलीकडच्या. मधे डोंगर. दोघांचा एकही दोरा जुळत नव्हता, आणि रोग काही डोंगरावरून उडत येत नाही.

"ते कुठेतरी एका जागी बसलेत," डॉक्टर सामी फोनवर म्हणाल्या. सुव्यातल्या कॉलेजात लोसालिनी त्यांच्या हाताखाली शिकली होती. "नमुने मेलबर्नला पाठवलेत, ते दोन्ही विषाणू एकाच घरचे आहेत का ते सांगतील. पण त्याला आठवडे लागतील. तुझ्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे."

शनिवारी सकाळच्या भरतीला बोट मोलाव्याला सुटणार होती. मोलावा म्हणजे आमच्या पलीकडचं छोटं बेट: सगळी म्हातारीकोतारी माणसं, नर्स नाही, आणि लस घेऊन जाणारी नाव वाऱ्यामुळे दोनदा अर्ध्यातून परत आलेली. तिथलं पीठ संपलं होतं, रॉकेल संपलं होतं. खलाशांची झटपट चाचणी झाली होती आणि तीत कोणाला रोग निघाला नव्हता. नुसत्या संशयावर बोट अडवली तर तिकडे चुली बंद पडल्या असत्या. त्या एका जागी बसलेल्यांत एखादा खलाशी असला, तर त्याचं नाव हवं होतं. एक नाव मिळालं तर तो माणूस उतरवून बोट सोडता आली असती. नाही मिळालं, तर बोटीबरोबर काय जाईल, हे लोसालिनीला डोळे मिटले तरी दिसत होतं.

ती चावडीशेजारी सेकोवेंच्या घरी गेली. सेकोवे म्हणजे बेटाच्या प्रमुखांचे बोलणारे. प्रमुख स्वतः फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने सेकोवे बोलतात आणि त्यांच्या वतीने सेकोवेच ऐकतात. पाउला मास्तर त्यांचे जावई. ती पायरीखाली उभी राहिली आणि मास्तर आल्यावर इथे कोण कोण जमलं होतं, असं तिने विचारलं. सेकोवेंनी तिच्या प्लास्टिकच्या कपड्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गावात काही झालेलं नाही, बाई," ते म्हणाले. "जे झालं ते पुरलं."

पुरलं म्हणजे काय, हे तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण लोसालिनी त्या दिवसांत फार हुशार झाली होती, आणि फार हुशार झालेल्या माणसाला साध्या गोष्टी उशिरा कळतात.

झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी प्रमुखांचा धाकटा भाऊ वारला. आजूबाजूच्या बेटांवरून नावा भरभरून माणसं आली, चटया आल्या, डुकरं आली. लोसालिनी हातात भोंगा घेऊन थेट मांडवात गेली. सगळे वडीलधारे जमिनीवर बसलेले, खुद्द प्रमुख बसलेले, आणि ही त्यांच्यामध्ये उभी. उभ्याउभ्याच तिने भोंग्यातून सांगितलं की आलेल्या नावा आल्या पावली परत जातील आणि मयताचं जेवण होणार नाही. म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण बसलेल्या प्रमुखांच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर ठेवून बोलणं म्हणजे आमच्याकडे भर सभेत थोबाडीत मारण्यासारखं. नावा परत गेल्या. त्या दिवसापासून गावाने तिच्या तोंडावर दारं लावली. तपासायला कोणी येईना, मास्क कोणी घेईना, ती दिसली की मुलांना घरात ओढून घेत.

आणि मग एके दिवशी, काही कारण नसताना, दारं उघडली. बायका रांगेत उभ्या राहून नाक पुढे करू लागल्या. म्हाताऱ्यांनी लस घेतली. लोसालिनीने सुव्याला फोन करून डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मी घरोघर जाऊन समजावलं ना, शेवटी पटलं लोकांना." डॉक्टरांनी शाबासकी दिली. लोसालिनीने ती घेतलीही.

शुक्रवारी सकाळी ती इनोकेला शोधत त्याच्या परसात गेली. इनोके तिचा मामेभाऊ. सख्ख्या भावाशी जेवढं बोलायचं नाही तेवढं मामेभावाशी बोलायचं, असा आमच्याकडे हिशोबच आहे. मामेभावाने चेष्टा करायची, टोपी उडवायची, चोरून लुंगी लपवायची, आणि कोणी रागवायचं नाही. इनोके हे कर्तव्य लहानपणापासून मन लावून करत आला होता. तो नारळ सोलत बसला होता. तिला बघताच म्हणाला, "आला बाई चंद्रावरचा माणूस. काय गं लोसा, आज कोणाच्या नाकात काडी?"

"तुझ्या. पण नंतर. आधी माझं एक काम कर. अपेनिसा कुठे होता ते त्याच्याकडून काढून दे."

"तू विचार की."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"मग मी कशाला? रोग तुझा, जाळं तुझं." त्याने नारळ टोच्यावर आपटला. पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आणि इनोके बघत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तिने त्याला बोटीबद्दल सांगितलं. मोलाव्याला इनोकेचे आईबाप राहतात. लोसालिनीचा मामा तो. म्हाताऱ्याला दम्याचा त्रास. इनोके ऐकत राहिला, मग हातातलं फडकं झटकून उठला.

शाळेच्या अंगणात एक मोठा नीरफणस आहे. लोसालिनी त्याच्या बुंध्याआड थांबली आणि इनोके खिडकीखाली गेला. त्याने आधी खिडकीची फळी बडवली.

"ए अळूच्या गड्ड्या, जिवंत आहेस का? लितिआ म्हणते तू तीन दिवस मळ्यात होतास. अरे, तीन दिवस सलग काम तू आयुष्यात केलंयस का? तुझ्या मळ्यात तुझ्याइतकं आळशी काही नाही. तुझ्या तणाला सुद्धा तुझ्यापेक्षा घाई असते."

आतून हसण्याचा आवाज आला, मग खोकला, मग पुन्हा हसणं. अपेनिसाला मामेभावाच्या टोमण्याला उत्तर न देता गप्प राहणं जमणं शक्यच नव्हतं; ते जमलं असतं तर तो आमच्या बेटाचा नसताच.

"आळशी मी?" अपेनिसाचा आवाज घोगरा झाला होता. "शेवटची काथवट रिकामी व्हायच्या आत खांबाला टेकून घोरायला कोण लागलं? मी तुझ्या तोंडातून गळणारी यांगोना पुसली त्या रात्री."

आणि तो थांबला. इनोके थांबला. यांगोना म्हणजे मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय; ती लाकडी काथवटीत कालवून सगळ्यांनी मिळून प्यायची असते. नीरफणसाआडून लोसालिनी हळूच बाहेर आली आणि इनोकेकडे बघत राहिली. त्याचा चेहरा दुसऱ्याच्या परसातून बाहेर पडताना सापडलेल्या कुत्र्यासारखा झाला होता.

"तूही होतास," ती म्हणाली.

इनोकेने तिला नीरफणसाखाली बसवलं, स्वतः लांब बसला आणि सगळं सांगितलं. मांडवातल्या त्या प्रसंगानंतर गाव लोसालिनीला वाळीत टाकायच्या बेतात होतं. दवाखान्याला गावातून पाणी आणि लाकूड जातं तेही बंद करायचं ठरत होतं. तेव्हा अपेनिसाने यांगोनाची एक थोरली मुळी घेतली आणि बहिणीच्या वतीने माफी मागायला सेकोवेंकडे गेला. गुडघ्यांवर सरकत गेला, मुळी पुढे ठेवली, आणि म्हणाला की माझी बहीण तोंड वर करून बोलली, त्याचं ओझं माझ्या डोक्यावर घ्या. मागे बसून इनोकेने ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या. मागणाऱ्याच्या रक्ताचा पुरुष मागे टाळ्यांना लागतो, नाहीतर माफी लागू होत नाही. सेकोवेंनी मुळीला हात लावला. राग पुरला. आणि राग पुरला की ती मुळी कुटून, पाण्यात कालवून, एकाच करवंटीने सगळ्यांनी प्यायची असते. न पिऊन कसं चालेल? पाउला मास्तर त्याच दिवशी सुव्याहून आले होते. सासऱ्याच्या घरी बसणार नाहीत तर कुठे बसतील? त्यांच्या ओठांची करवंटी अपेनिसाच्या ओठांना लागली.

 लोसालिनीला आधी लाज वाटली आणि लगोलग राग आला, आणि राग कोणावर काढावा हे कळेना म्हणून तो स्वतःवर आला. तिच्या समजावण्याने एकाही घराचं दार उघडलं नव्हतं. तिचा भाऊ गुडघ्यांवर सरकत गेला होता म्हणून दारं उघडली होती. आणि त्याच सरकण्यातून रोग गावात आला होता.

"त्याने सांगितलं का नाही?" तिने शेवटी विचारलं.

"पुरलेलं उकरायचं नसतं. आणि तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस, खरं सांग. भोंगा घेऊन परत गेली असतीस."

तिने वही काढली.

इनोकेने नावं सांगितली. दुपारपर्यंत लोसालिनी त्या प्रत्येक दारी जाऊन आली, या वेळी प्रत्येक पायरीखाली बसून बोलली, आणि सगळ्यांनी, सेकोवेंनीही, नाक पुढे केलं आणि ते तिच्या सांगण्यावरून आपापल्या ओसरीवर अडकून बसले. त्यांच्यातले तिघं रोगाने धरलेले निघाले. इनोकेही निघाला. त्याला शाळेच्या पलीकडच्या वर्गात टाकताना तो म्हणाला, "काडी नाकात घालायचीच होती तर आधी सांगायचंस, मी नाक धुऊन आलो असतो." भिंतीवरच्या जाळ्यात लाल दोरे भराभर जुळले.

डॉक्टर सामींना तिने सगळं सांगितलं, मांडवापासून, काहीही न लपवता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इनोके झोपला. वडीलधारे उठून गेले. मग ती शेवटची काथवट कोणी रिकामी केली?"

लोसालिनीने जाळ्यावर बोट फिरवलं. भोक तिथेच होतं. काथवटीत यांगोना शिल्लक ठेवून उठत नाहीत. अपेनिसा एकटाच संपवणार नाही. कोणीतरी उशिरा आलं होतं, दाराशी बसलं होतं, आणि ते एकट्या अपेनिसाला ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत अपेनिसाला ग्लानी होती. लितिआही आता तापून पलीकडच्या वर्गात निपचित पडली होती. निरोप नेणारं माणूसच उरलं नाही. शनिवारी उजाडताच लोसालिनी आत जाऊन त्याच्या बोटाला यंत्र लावून आली. आकडा चांगला नव्हता. तो जागा होता, पण तिला बघून त्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि तिने त्याच्या पाठीकडे बघत ऑक्सिजनची नळी नीट बसवली.  बाहेर धक्क्यावरून बोटीच्या इंजिनाची पहिली धडधड ऐकू आली.

ती अंगणात येऊन उभी राहिली. तिला एकदम संताप आला, या रीतीचा, या बेटाचा, आपल्या भावाच्या पाठीचा. आत जाऊन सरळ विचारावं आणि काय व्हायचं ते होऊ दे, असं तिच्या मनात आलं. मग तिने समोर पाहिलं. नीरफणस उभा होता, आपली मोठमोठी पानं हलवत. आणि लोसालिनीला आठवलं की आई हयात असताना घरात मीठ संपलं की दिराशी बोलायचं नसतं म्हणून ती काकांना नाही, काकांच्या कुत्र्याला ओरडून सांगायची. लेकी बोले सुने लागे, ही काही आमच्याच बेटाची युक्ती नाही. जिथे जिथे माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही तिथे ती असणारच.

ती खिडकीकडे पाठ करून झाडासमोर बसली. आवाज मात्र मोठा ठेवला.

"फणसा, तुला एक विचारते. शेवटची काथवट कोणी प्यायली, तुला ठाऊक आहे का? बोट मोलाव्याला सुटतेय. तिकडे मामा आहे. मला त्या माणसाचं नाव हवंय."

वर्गात काहीतरी हललं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, फडक्यातून गाळल्यासारखा. मग अपेनिसाचा आवाज, तिला नाही, झाडालाच:

"फणसा, तिला सांग, नाव घेतलं की पुरलेलं उकरल्यासारखं होतं. तिला परत कोणाच्या तरी अंगावर जावं लागणार. आणि परत माफी मागायला जायचं तर मला आता उठता येत नाही."

लोसालिनीचे डोळे भरले. मास्कवरच्या चष्म्याआड अश्रू पुसता येत नाहीत, म्हणून ते तसेच वाहू दिले.

"सांग त्याला, या खेपेला मी जाते."

"बाईने जायचं नसतं."

"त्याला सांग, बाईने बोट अडवायची पण नसते."

पुन्हा श्वास. त्यात एक हसू अडकल्यासारखं वाटलं.

"तोमासी," अपेनिसा म्हणाला. "बोटीच्या इंजिनवरचा. डिझेल भरून उशिरा आला. दोन करवंट्या प्यायला. त्याला परवापासून चव लागत नाहीये म्हणून त्याची बायको खिडकीशी येऊन सांगत होती, लितिआला." मग थांबून, "आणि फणसा, तिला हेही सांग. माझ्या घरी आढ्याला दुसरी मुळी बांधलेली आहे. बहिणीचा स्वभाव मला ठाऊक आहे. एक पुरणार नव्हती, म्हणून दोन आणून ठेवल्या होत्या."

धक्क्यावर बोटीने शिट्टी दिली. लोसालिनी उठून पळत सुटली. धक्क्याकडे नाही. धक्क्यावर जाऊन तिने कितीही ओरडा केला असता तरी कप्तानाने हात हलवून निरोप घेतला असता. बोट प्रमुखांच्या घराण्याची होती आणि ती फक्त सेकोवेंच्या शंखाचं ऐकायची. लोसालिनी आधी भावाच्या घरात घुसली. मुळी आढ्याला खरंच होती, वाळलेली, जड, मुळांच्या जटा लोंबत्या. चटयांच्या गठ्ठ्यावर चढून तिने ती सोडवली आणि गावाच्या मैदानातून, शाळेच्या खिडक्यांसमोरच्या सेकोवेंच्या अंगणात आली.

सेकोवे ओसरीवर एकटे बसले होते, ठरल्याप्रमाणे. आजूबाजूच्या ओसऱ्यांवरून माणसं बघू लागली. लोसालिनी अंगणाच्या कडेलाच खाली बसली आणि वाळूतून, गुडघ्यांवर, मुळी पुढे ढकलत आली. ओसरीपासून चार हातांवर थांबली. त्यापुढे जायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम होता. डोकं खाली घातलं. शब्द तिने पुरुषांच्या तोंडून लहानपणी लांबून ऐकले होते, ते अर्धेमुर्धे आठवले आणि उरलेले तिने स्वतःचे घातले.

"प्रमुखांचे शब्द सांभाळणारे काका, ही मुळी लहान आहे, मोठी माना. मांडवात मी उभी राहून बोलले. माझ्या भावाने ते ओझं उचललं आणि त्या ओझ्याखाली तो आज पडला आहे. ते ओझं मी परत घेते. आणि आज मी आणखी एक उद्धटपणा करते आहे, त्याचीही माफी आत्ताच मागून ठेवते. बोट थांबवा. तोमासीला उतरवा. त्याने त्या रात्रीची करवंटी प्यायली आहे. तो मोलाव्याला पोचला तर तिथे माफी मागायलाही कोणी उरणार नाही."

ती थांबली. आता टाळ्या व्हायला हव्या होत्या. तिच्या मागे कोणी नव्हतं. भाऊ वर्गात, मामेभाऊ वर्गात, बाप मेलेला. सेकोवे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण रीत ती रीत, आणि रिकाम्या पाठीच्या माणसाची मुळी ते उचलू शकत नव्हते. बोटीची धडधड वाढली. ओसऱ्यांवर कोणी हालत नव्हतं.

मग शाळेच्या बाजूने एक टाळी आली.

ओंजळीची, पोकळ, खोल. पण इतकी अशक्त की लोसालिनीला आधी वाटलं नारळ पडला. मग दुसरी. मधे लांबलचक थांबा, श्वास घ्यायला लागतो तेवढा. तिसरी. आणि त्यानंतर पलीकडच्या वर्गातून इनोकेच्या टाळ्या, दणदणीत, कारण त्या माणसाला आजारी पडायलाही नीट येत नाही.

सेकोवे उठले, पायरी उतरले आणि लांबूनच वाकून त्यांनी मुळीला बोटं टेकवली. "पुरलं," ते म्हणाले. मग घराकडे वळून त्यांनी शंख आणायला सांगितलं. आणलेला शंख त्यांनी हातात घेतला, आणि तोंडाला लावणार तोच थांबून लोसालिनीकडे पाहिलं.

"पुसून फुंका," ती म्हणाली. "आणि नंतर दुसऱ्या कोणाला देऊ नका."

कोणाच्या तरी ओसरीवर हसू फुटलं. सेकोवेंनी शंख आपल्या लुंगीच्या सोग्याने नीट पुसला आणि फुंकला. तो आवाज मैदानावरून, नारळाच्या वरून, धक्क्याच्या पलीकडे गेला. धडधड कमी झाली. पाण्यात वळसा घेत बोट परत फिरायला लागली तेव्हा लोसालिनी अजून वाळूतच बसली होती. आज काथवट निघणार नव्हती. ती निघू नये असं तिला सांगावं लागलं नाही. मुळी तशीच ओसरीवर टांगली गेली.

तोमासी उतरला तेव्हा त्याला ताप होता. बाकीच्यांची पुन्हा चाचणी करून, दुसरा इंजिनवाला घेऊन बोट संध्याकाळच्या भरतीला गेली, पिठासकट, रॉकेलासकट.

लोसालिनी शाळेत परतली तेव्हा टाळ्यांच्या श्रमाने अपेनिसाचा श्वास लागला होता. आत जाण्याआधी ती किट चढवत नीरफणसाखाली उभी राहिली आणि तिने खिडकीकडे न बघता मोठ्याने सांगितलं, "फणसा, त्याला सांग, टाळ्या पुरे झाल्या. पालथं झोपायचं. छातीखाली उशी घ्यायची. आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

आत चटई खसखसली. मग उशीत दबलेला आवाज आला.

"तिला सांग, झोपलोय. आणि सांग, या खेपेला उभी राहून बोलली नाही, बरं केलं."